सहज दिलेलीं मतें

मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलींत चहा येतो आणि चहाच्या मागोमाग मतें येतात. रविवारीं कोणीं कोणता चित्रपट पाहिला, कोणाच्या घरीं मोबाइलच्या पडद्यावर कोणती मालिका रात्रीं दोनपर्यंत चालली, कोणतें पुस्तक कोणाच्या उशाशीं तीन महिने पडून आहे, या सर्वांचा निकाल त्या वीस मिनिटांत लागतो. साक्षीपुरावा नसतो, उलटतपासणी नसते, आणि अपिलाची सोय तर नाहींच. घंटा झाली कीं न्यायमूर्ति हातांत खडू घेऊन आपापल्या वर्गावर निघून जातात.

वर्गांतही तोच प्रकार. आमच्या कोल्हापूरच्या मुलांपाशीं दोनच शेरे आहेत. आवडलें तें ‘नाद खुळा’ आणि न आवडलें तें ‘भंगार’. मधल्या पायऱ्या त्यांस ठाऊक नाहींत. याबद्दल आम्ही वडील मंडळी त्यांस हंसतों. परंतु आमच्यापाशीं तर एकच शेरा आहे : ‘पूर्वींसारखें आतां राहिलें नाहीं.’ दोन शेऱ्यांचा मनुष्य एका शेऱ्याच्या मनुष्याहून किती पट विचारी ठरतो, हें गणिताच्या शिक्षकांनीं सांगावें.

या सहज दिलेल्या मतांविषयींच आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. वार्षिक अंकास विषय हलका वाटेल. संपादकांनींही ‘दुसरें कांहीं सुचलें नाहीं काय?’ असें विचारून पाहिलें. परंतु अशाच एका सहज दिलेल्या मतानें आमच्या हातून एक अपराध घडला आहे, आणि तो या पानांवर लिहिल्यावांचून आम्हांस चैन पडणार नाहीं. त्याची हकीकत पुढें येईल. प्रथम आपल्या गांवाविषयीं थोडें बोलूं.

चित्रपटाविषयीं मत देणें हा कोल्हापूरकर आपला वडिलोपार्जित हक्क समजतो, आणि त्याच्या समजुतीस आधार आहे. या शहरांत चित्रपट नुसता पाहिला गेला नाहीं. तो येथें सुतारकामासारखा, रंगकामासारखा हातांनीं घडविला गेला. बाबूराव पेंटर यांचें मूळ आडनांव मिस्त्री. शालेय शिक्षण त्यांस फारसें लाभलें नव्हतें, ही गोष्ट शाळेच्या अंकांत छापावी कीं न छापावी हें आम्ही संपादकांवर सोंपवितों. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां त्यांस व त्यांचे बंधु आनंदराव यांस हलत्या चित्रांचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा सहज हातीं येण्याजोगा नव्हता, तेव्हां तो येथेंच तयार करावयाचा असा त्यांनीं निश्चय केला. आनंदराव १९१६ सालीं वारले. राहिलेलें काम बाबूरावांनीं पुरें केलें, आणि १९२० सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आला. त्यांतील कीचकवधाचें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं प्रेक्षक भयभीत झाले, आणि अखेरीस तें काढून टाकावें लागलें. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविलें तें याच चित्रपटाच्या वेळीं.

आज ‘सैरंध्री’ कोणासही पाहतां येत नाहीं, कारण तिची प्रत शिल्लक नाहीं. त्याच कंपनीचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हाही गेला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरून केलेला तो चित्रपट कर्जांत बुडालेल्या एका शेतकऱ्याचा होता, आणि त्यांतील तरुण शेतकऱ्याचें काम पुढें कीर्तीस चढलेल्या व्ही. शांताराम यांनीं केलें होतें. देवादिकांच्या चमत्कारांस सरावलेल्या प्रेक्षकांस पडद्यावर आपलेंच फाटकें धोतर पाहण्याची संवय नव्हती. बाबूरावांनीं १९३६ सालीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां केली, यावरून तिजवर त्यांचा जीव किती होता तें दिसतें. मूळ मूकपट मात्र नाहींसा झाला. परंतु त्यांतील एक झोपडी राहिली आहे! मुंबईचे चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीं फार वर्षांनीं आठवण सांगतांना त्या चित्रपटांतील एका उदास, अंधुक प्रकाशांतल्या झोपडीचा आणि तेथें रडणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख केला आहे. मूकपटांत कुत्र्याचें रडणें ऐकूं कसें येणार? तरी तें ऐकल्यासारखें पाहणाऱ्याच्या मनांत राहिलें.

आम्हांस या गोष्टीचा विचार वारंवार करावासा वाटतो. ज्या दिवशीं हे चित्रपट येथें प्रथम दाखविले गेले असतील, त्या रात्रीं घरोघरीं परतणाऱ्या मंडळींनीं रस्त्यानें शेंकडों मतें दिलीं असतील. ‘झकास’, ‘कंटाळवाणा’, ‘पैसे फुकट गेले’, ‘पुन्हां जाऊं’. त्यांतलें एकही आज शिल्लक नाहीं, आणि असतें तरी त्याचा उपयोग काय झाला असता? ‘झकास’ म्हणजे काय झकास? उरलें तें कीचक मरतांना कोणी तरी भ्यालें होतें एवढें, आणि झोपडींतलें कुत्रें. ज्यानें काय पाहिलें तें सांगितलें, त्याचें मत चित्रपटाच्या फितीहूनही अधिक काळ टिकलें. ज्यानें नुसता निकाल दिला, त्याचा निकाल त्याच्याबरोबर घरीं जाऊन निजला.

१९२९ सालीं शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी या पांच जणांनीं येथेंच ‘प्रभात’ कंपनी काढली. मराठी बोलपटांतील ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) कोल्हापूरचा. १९३३ सालीं मात्र कंपनी पुण्यास गेली, आणि त्या जाण्याबद्दल आमचे वृद्ध शेजारी अद्याप पुणेकरांवर रागावलेले असतात. पुढें भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ येथें नांवारूपास आला. १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत तो जाळला गेला, आणि भालजींनीं तो पुन्हां उभा केला. हें सर्व मुलांस सांगूं लागलें कीं तीं जांभया देतात. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. गतवैभवाची यादी वाचून दाखविणें म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची जेवणावळ वर्णन करण्यासारखें आहे.

त्यापेक्षां त्यांस प्रत्यक्ष एखादा जुना चित्रपट दाखवावा. गेल्या वर्षीं आम्हीं शाळेच्या पडद्यावर ‘संत तुकाराम’ (१९३६) लावला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत ज्याचा गौरव झाला, मुंबईंत जो वर्षाहून अधिक काळ चालला, तोच हा. पहिलीं दहा मिनिटें मागच्या बांकांवर कुजबुज चालली. नंतर तुकारामाची बायको जिजाई हातांत पायताण घेऊन विठोबास जाब विचारण्यास देवळांत शिरली, आणि सारा वर्ग स्तब्ध झाला. विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम सात्त्विक आहेत, सुरेल आहेत, वंद्य आहेत; परंतु आमचें सहज मत विचाराल तर गौरी या नटीनें उभी केलेली जिजाई त्यांच्याहून खरी आहे. तुकाराम वैकुंठास जातात. जिजाई मुलांजवळ मागें राहते. आम्हीं मुलांस विचारलें, ‘चित्रपट कसा वाटला?’ उत्तर आलें, ‘भारी, सर.’ मग आम्हीं विचारलें, ‘जिजाईचा राग कोणावर होता?’ यावर मात्र तास संपेपर्यंत भांडण चाललें. एक म्हणे देवावर, दुसरी म्हणे नवऱ्यावर, तिसरा म्हणे घरांत दाणा नाहीं म्हणून साऱ्या जगावर. त्या भांडणांत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें कोणत्याही समीक्षाग्रंथांत मिळालें नव्हतें. प्रश्न चुकीचा विचारला तर उत्तर ‘भारी’ असेंच येणार, हेंही त्यांतलेंच.

पुस्तकांच्या बाबतींत आमची स्थिति अधिक लाजिरवाणी आहे. चित्रपटावर मत देणाऱ्यानें निदान तो पाहिलेला असतो. पुस्तकावर मत देण्यास तितकेही कष्ट लागत नाहींत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून या शहरांत आहे. इतक्या जुन्या वाचनालयाच्या गांवीं राहून आम्ही शिक्षक ‘ययाति’ थोर आहे असें दरवर्षीं सांगतों आणि ती शेवटची केव्हां उघडली होती हें सांगत नाहीं. या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्हीं ती पुन्हां वाचली. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक होते. ‘छाया’ (१९३६) या बोलपटाची कथा त्यांनींच लिहिली, आणि १९३८ सालीं ते कोल्हापुरास येऊन राहिले. ‘ययाति’ १९५९ सालीं प्रसिद्ध झाली व १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक तिजमुळें मराठीच्या वांट्यास प्रथम आलें. सतराव्या वर्षीं आम्हीं तिच्यांतील वाक्यें वहींत उतरून घेतलीं होतीं. आतां चाळिशीनंतर वाचतांना तींच वाक्यें आम्हांस थोडीं थांबवूं लागलीं. पात्रें बोलूं लागतात तों सुभाषित आडवें येतें. परंतु शर्मिष्ठा जेथें स्वतः आपली कथा सांगते, तेथें आमचा चष्मा दोनदां पुसावा लागला. म्हणजे ‘थोर’ हें आमचें जुनें मत खोटें नव्हतें, आणि पुरतें खरेंही नव्हतें. वीस वर्षें आम्ही तें शिळ्या भाकरीसारखें मुलांच्या ताटांत वाढीत होतों.

त्याच काळांत ना. सी. फडके राजाराम कॉलेजांत प्राध्यापक होते. ‘कलेसाठीं कला’ म्हणणारे फडके आणि ‘जीवनासाठीं कला’ म्हणणारे खांडेकर, एकाच गांवांत! तो वाद आज परीक्षेंत पांच गुणांच्या प्रश्नापुरता उरला आहे, व त्याचें उत्तर बाजारांतील मार्गदर्शकांत छापलेलें मिळतें. आमचा स्वतःचा कल खांडेकरांकडे आहे. तथापि फडक्यांची कादंबरी हातीं घेतली असतां ती खालीं ठेववत नाहीं हें कबूल करणें भाग आहे. तत्त्वास एक आवडतें आणि डोळ्यांस दुसरें, असें आमच्या बाबतींत बहुधा होतें.

मतें सांगावीं कशीं याचा धडा ज्यास हवा असेल त्यानें लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचावीं. रीतसर शाळा न शिकलेल्या या बाईनें १९३४ सालापासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथांत आपल्या कविपतीचा विक्षिप्तपणा, सासऱ्यांचा जाच, स्वतःची फजिती, हें सारें जसें दिसलें तसें सांगितलें आहे. अमुक मनुष्य वाईट आणि तमुक चांगला, असा शिक्का त्या क्वचितच मारतात. त्या मनुष्यानें काय केलें तें सांगतात आणि पुढें जातात. ख्रिस्ती वाचकांच्या घरांतील कपाटांत हें पुस्तक असतेंच. कपाटांतून तें बाहेर येतें कीं नाहीं, याची चौकशी आम्ही करीत नाहीं. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ची (१८५७) गति तर त्याहून वाईट. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिचें नांव सर्वांस पाठ आहे. विधवांचीं दुःखें सांगणाऱ्या त्या पुस्तकानंतर ऐंशीं वर्षांनीं, १९३७ सालीं, ‘प्रभात’च्या ‘कुंकूं’मध्यें शांता आपटे यांची नीरा वृद्ध नवऱ्याशीं झालेलें लग्न मान्य करण्याचें साफ नाकारते. तीही कथा मूळ ना. ह. आपटे यांच्याच कादंबरीची. हीं दोन्हीं शेजारीं ठेवून मुलींस वाचावयास व पाहावयास द्यावीं असें आमच्या मनांत आहे, आणि मनांतच आहे.

आतां तो अपराध.

आमचें बाळपण मिशनच्या वसतिगृहांत गेलें. तेथें चित्रपट पाहण्यास सक्त मनाई होती. वर्षांतून एकदां, नाताळच्या सुमारास, बाहेरून मंडळी प्रोजेक्टर घेऊन येत, दोन बांबूंना पांढरी चादर बांधीत आणि ‘दयासागर’ दाखवीत. मूळ तेलुगू भाषेंत १९७८ सालीं झालेला तो येशूच्या चरित्राचा चित्रपट गांवोगांवीं असाच चादरीवर दाखविला जात असे. वाऱ्यानें चादर फुगली कीं गालीलाचा समुद्र खरोखर हाले. तेवढा एक चित्रपट पवित्र, आणि बाकीचे सर्व चित्तास मळ लावणारे, अशी आमची समजूत झाली. मोठेपणीं आम्हीं पुष्कळ चित्रपट पाहिले; परंतु लहानपणीं अंगांत मुरलेली मनाई न पाहिलेल्या चित्रपटाच्या बाबतींत डोकें वर काढीत असे.

२०१६ सालीं नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. गल्लीगल्लींत त्यांतलीं गाणीं वाजूं लागलीं, आणि स्नेहसंमेलनांत त्यांवर नाचूं द्यावें कीं न द्यावें याच्या सभा झाल्या. शिक्षकांच्या खोलींत मत ठरलें कीं हा चित्रपट मुलांस पळून जाण्यास शिकवितो. आम्हींही मान डोलाविली, आणि पाहिल्यावांचून डोलाविली. त्या वर्षीं नववीच्या वर्गास आम्हीं ‘मला आवडलेला चित्रपट’ हा निबंध घातला होता. एका मुलीनें ‘सैराट’वर लिहिलें. ती वर्गांत फारसें बोलत नसे. अक्षर किरटें, शुद्धलेखन यथातथा. निबंध मात्र चार पानांचा होता. आम्हीं तो उभ्याउभ्या चाळला, तांबड्या शाईनें ‘विषयाची निवड अयोग्य’ असें लिहिलें आणि दहांपैकीं तीन गुण दिले. वही परत देतांना वर्गापुढें दोन शब्दही बोललों. तें काय बोललों तें येथें लिहिण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. वर्ग हंसला, आणि ती खालीं बसली.

पुढील वर्षीं दहावीच्या सरावांत पुन्हां तोच विषय आला. त्या मुलीनें ‘श्यामची आई’ निवडला. आचार्य अत्रे यांचा चित्रपट, १९५३ साल, राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक, मातृप्रेमाचें महन्मंगल स्तोत्र, सर्व कांहीं यथास्थित. मार्गदर्शकांतला परिच्छेद स्वल्पविरामांसकट उतरविलेला होता. आम्हीं आठ गुण दिले आणि ‘प्रगति समाधानकारक’ असा शेरा मारला. ती दहावी होऊन गेली.

२०२० सालच्या टाळेबंदींत, घरांत बसून करावयास कांहीं उरलें नाहीं तेव्हां, आम्हीं सहकुटुंब ‘सैराट’ पाहिला. मध्यंतरापर्यंत आमची सौभाग्यवती गाणीं गुणगुणत होती. त्यानंतर चित्रपट हैदराबादच्या झोपडपट्टींत जातो. घोडा, बुलेट, ट्रॅक्टर सुटतें. पाण्याची रांग, कामाची शोधाशोध, दोघांचीं भांडणें आणि एकमेकांवरचा संशय येतो. श्रीमंताघरच्या त्या मुलीस स्वयंपाक येत नाहीं. संसार मोठ्या कष्टानें उभा राहतो. आणि शेवटीं सर्व आवाज बंद होतो. तें लहान मूल रडतें तेंही ऐकूं येत नाहीं. दारांतून बाहेर जातांना त्याचीं तांबडीं पावलें तेवढीं उमटतात. आमच्या घरांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस ते चार पानांचे किरटें अक्षर आठवलें. सर्व नाहीं आठवलें; चाळलेंच होतें, तर आठवणार काय? परंतु दोन गोष्टी निश्चित आठवल्या. पळून गेल्यावर भाकरी कोण करतें हें कोणत्याही प्रेमाच्या चित्रपटांत दाखवीत नाहींत, येथें दाखविलें आहे, असें तिनें लिहिलें होतें. आणि शेवटीं थिएटरांत आवाज बंद झाला तेव्हां यंत्र बिघडलें असें वाटून लोक मागें वळून पाहूं लागले, मग हळूहळू सर्वांच्या लक्षांत आलें, असें लिहिलें होतें. चौदा वर्षांच्या मुलीनें पडदाही पाहिला होता आणि प्रेक्षकही पाहिले होते. त्या चित्रपटांत नायिकेचें काम करणारी रिंकू राजगुरू स्वतः तेव्हां शाळेंतच शिकत होती. आम्ही, पदवीधर शिक्षक, त्यांतलें कांहीं न पाहतां तांबडी शाई घेऊन बसलों होतों. जें झोपडींतलें कुत्रें आम्ही वाडियांच्या आठवणींत शोधून काढतों, तें आमच्याच टेबलावर आलें होतें आणि आम्हीं त्यास हांकलून दिलें.

चित्रपट मुलांस बिघडवितो काय, या प्रश्नाचें उत्तर देण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कांहीं बिघडवितातही. हिंसेचा उत्सव करणारे चित्रपट गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ आले आहेत, आणि त्यांतला एखादा अर्ध्यावर सोडून आम्ही उठून आलों आहों. मुद्दा इतकाच कीं उठून येण्यासाठीं आधीं आंत जावें लागतें.

या संदर्भांत ‘पिंजरा’ची (१९७२) आठवण येते, आणि ती आम्हां मास्तरलोकांस सुखाची नाहीं. शांतारामबापूंच्या या चित्रपटांत डॉ. श्रीराम लागू यांनीं एक आदर्श शिक्षक उभा केला आहे. गांवांत आलेला तमाशा नीतीस घातक म्हणून गुरुजी तो हांकलून लावतात आणि पुढें त्याच फडावर तुणतुणें धरून उभे राहतात. याची मूळ कल्पना ‘ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटावरून आलेली, तेथेंही मास्तरच! जगांतील चित्रपटवाल्यांस पडण्यासाठीं नेहमीं आमचाच धंदा कां सांपडतो, हें एक कोडेंच आहे. बहुधा आम्ही उंचावर उभे असल्याचा बहाणा करतों, म्हणून पडणें उठून दिसत असावें.

यंदा आम्हीं नववीस पुन्हां निबंध घातला. विषय बदलला. ‘पाहिलेल्या किंवा वाचलेल्या कोणत्याही गोष्टींतील एक प्रसंग’. अट अशी कीं ‘छान’, ‘सुंदर’, ‘भारी’, ‘बोधप्रद’ हे शब्द वापरावयाचे नाहींत. जें दिसलें, जें ऐकूं आलें, तें लिहावयाचें. आरंभीं मुलें फार गोंधळलीं. एकानें विचारलें, ‘सर, बोधप्रद लिहिलें नाहीं तर शेवट कसा करायचा?’ आम्हीं सांगितलें, ‘थांबावयाचें.’ बरेचसे निबंध सामान्य आले, हेंही सांगितलें पाहिजे. कित्येकांनीं कथानक लिहून दिलें. एकानें एका तेलुगू चित्रपटांतील मारामारीचें वर्णन असें केलें कीं कोण कोणास मारतो आहे याचा पत्ता लागेना.

एका मुलानें मात्र केशवराव भोसले नाट्यगृहाविषयीं लिहिलें. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१५ सालीं उभें केलेलें, मूळचें पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. तो मुलगा आजोबांबरोबर खासबागेच्या बाजूस जाऊन उभा राहिला होता. त्यानें त्या नाट्यगृहांत एकही नाटक पाहिलेलें नव्हतें. त्यानें लिहिलें कीं गर्दींतील म्हातारीं माणसें आगीकडे पाहत एकमेकांस नाटकांचीं नांवें सांगत होतीं, कोणी जागेवरूनच एखादें पद म्हणूं लागे आणि मध्येंच थांबे. आजोबा घरीं येईपर्यंत कांहीं बोलले नाहींत, आणि घरीं आल्यावर त्यांनीं पाण्याचा तांब्या मागितला. निबंध येथें संपला होता. आम्हीं दहांपैकीं दहा गुण दिले. मुख्याध्यापकांनीं भाषेच्या निबंधास पैकीच्या पैकी गुण देण्याची प्रथा नसल्याचें आमच्या नजरेस आणिलें, तेव्हां अर्धा कमी केला.

त्या जुन्या विद्यार्थिनीचा पत्ता आम्हीं मिळविला आहे. ती आतां पुण्यास नोकरीस असते असें कळतें. पत्र लिहावयास तीन वेळां बसलों. ‘तुझ्या निबंधास तीन गुण दिले ते चुकीचे होते’, एवढेंच लिहावयाचें आहे. पण त्यापुढें मास्तरकी सुटत नाहीं आणि उपदेशाचे परिच्छेद वाढत जातात. चौथ्या खेपेस पोस्टकार्डावर लिहिणार आहों, म्हणजे जागाच उरणार नाहीं.

तोंवर शाळेंत एक व्यवस्था केली आहे. ग्रंथालयांत एक जाड वही ठेविली आहे. विद्यार्थी, शिक्षक, शिपाई, पालक, कोणींही तींत आपण पाहिलेल्या चित्रपटाविषयीं किंवा वाचलेल्या पुस्तकाविषयीं लिहावें. नियम नववीच्या निबंधाचाच. तांबड्या शाईस तेथें बंदी आहे. पहिलें पान आमच्या शिपाईमामांनीं भरलें. त्यांनीं ‘पिंजरा’ निवडला आणि दोनच ओळी लिहिल्या : मास्तरांनीं तमाशा बंद पाडण्याच्या आधीं एकदां बसून बघायला पाहिजे होता, मग पुढचें सगळें वांचलें असतें. आम्हीं तें वाचलें तेव्हां मामा शेजारींच उभे होते. त्यांनीं तें आम्हांस उद्देशून लिहिलें कीं काय हें विचारण्याचें आम्हीं टाळलें.

वही खिडकीजवळच्या टेबलावर आहे. मधल्या सुट्टींत ग्रंथालय उघडें असतें. पेन स्वतःचें आणावें.